‘बसणे’ : सहकाऱ्यांच्या जेवणाचा वाङ्मयीन इतिहास

मराठीत ‘बसणे’ हे क्रियापद अकर्मक आहे, आणि काही संदर्भांत त्याला खुलाशाचीही गरज नसते. कचेरी सुटण्याच्या सुमारास एक सहकारी दुसऱ्याला ‘आज बसायचं का?’ असे विचारतो तेव्हा कोठे, कशासाठी, किती वेळ यांपैकी काहीही उच्चारलेले नसते; तरीही सारे कळलेले असते. दारू, तिच्यासोबतचा चखणा, नंतरचे जेवण, शेवटी बिलाची वाटणी आणि या सर्वांच्या मधून वाहणारे बोलणे असा एक संपूर्ण विधी त्या एका क्रियापदात सामावलेला असतो. हेच क्रियापद पंगतीचेही आहे. पंगत ‘बसते’, पाहुणे ‘पानावर बसतात’, उशिरा आलेला ‘दुसऱ्या पंगतीला बसतो’. जमिनीवरच्या पाटापासून परमिट रूममधील रेक्झिनच्या खुर्चीपर्यंत क्रियापद तेच राहिले. बसणारे मात्र बदलले. कोणी कोणाशेजारी बसावे याचे नियम बदलले, आणि ते बदलताना जे लिहिले गेले त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. एका कचेरीतील चारपाच माणसे कामाच्या वेळेनंतर परमिट रूममध्ये जेवतात यात इतिहास तो कोणता, असा प्रश्न कोणीही विचारील. आपल्या समीक्षेने वाडा, चाळ, नाका, झोपडपट्टी या अवकाशांचा विचार पुष्कळ केला. इराणी हॉटेलही स्मरणरंजनाच्या निमित्ताने अधूनमधून येत राहते. परंतु नातेवाईक नाहीत, शेजारी नाहीत, बालमित्रही नाहीत, केवळ एका हजेरीपटावर नावे असल्यामुळे एकत्र आलेली माणसे जेव्हा एका टेबलाशी जेवतात, तेव्हा त्या जेवणाचे स्वरूप काय असते, हा प्रश्न आपण विचारलेला नाही. या संबंधाला मराठीत धड नावही नाही. ‘सहकारी’ हा शब्द बोलण्यात उच्चारला की साखर कारखाना आठवतो. प्रत्यक्षात माणसे ‘आमच्या ऑफिसातले’ असे म्हणतात. आणि येथेच एक अडचण उभी राहते. कारण नुसते ‘आमच्यातले’ म्हटले की मराठीत त्याचा अर्थ जातीतले असा होतो. ‘ऑफिसातले’ आणि ‘आमच्यातले’ या दोन शब्दांमधील तणाव हाच या जेवणाच्या इतिहासाचा गाभा आहे असे मला वाटते.

पंगतीपासून प्रारंभ करणे क्रमप्राप्त आहे. पंगत ही समतेची रचना दिसते. सर्वांची पाने एका ओळीत, सर्वांची बैठक एका पातळीवर, सर्वांना वाढप एकाच क्रमाने. परंतु ही समता ओळीच्या आतली आहे. ओळीत कोणाला घ्यावयाचे हे आधीच ठरलेले असते. ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द आपल्याकडे निंदाव्यंजक आहे, म्हणजे एका पंगतीतील दोघांना वेगवेगळे वाढणे वाईट मानले जाते. पण पंगतीबाहेर कोण राहिला याविषयीची निंदा करणारा तितका रुळलेला शब्द आपण घडविला नाही. एका पंगतीला बसणे म्हणजे रोटीव्यवहाराची जाहीर कबुली, आणि म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी हल्ला चढविला तो या ओळीवर. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत सभासद होऊ इच्छिणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. हे सारे गुप्तपणे चालत असे. १८६० मध्ये सभेची कागदपत्रे चोरीला जाऊन नावे फुटली आणि सभा विस्कटली. पावाच्या तुकड्यापेक्षा नावांची यादी अधिक स्फोटक ठरली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण तीस वर्षांनंतर पुण्यात हीच घटना अधिक मोठ्या प्रमाणावर घडली.

ऑक्टोबर १८९० मधील पंचहौद मिशनचे चहा-प्रकरण सर्वपरिचित आहे. परंतु ते धर्मसुधारणेच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून सांगितले जाते. सार्वजनिक जीवनात एकत्र काम करणाऱ्या माणसांच्या खाण्यापिण्याचे प्रकरण म्हणून त्याच्याकडे पाहिले तर वेगळे काही दिसते. व्याख्यानाच्या निमित्ताने चाळिसांहून अधिक मंडळी मिशनमध्ये जमली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी पेला नुसता हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवून आणली, आणि जे एक सहज घडलेले आतिथ्य होते त्याचे ग्रामण्य झाले. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये, स्वतःची श्रद्धा नसताना, मित्रांच्या अडचणीपायी ते घेतले.

या प्रकरणाचा साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा की त्याच्या दोन संहिता आपल्यापुढे आहेत. एक, वर्तमानपत्रातील नावांची यादी. तिच्यात कथन नाही, चहाची चव नाही, बोलण्याचा विषय नाही. फक्त कोण कोण बसले होते एवढेच आहे. दुसरी, रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० चे पुस्तक. त्यात हे प्रकरण येते ते घराच्या बाजूने. मिशनमधील बैठकीत काय झाले यापेक्षा तिचे घरात काय पडसाद उमटले, यजमानांच्या मनाची उलघाल कशी झाली, हे रमाबाई पाहतात. बाहेरचे खाणे घरात कळते तेव्हाच त्याला कथा प्राप्त होते. पुढील शंभर वर्षांच्या मराठी साहित्यात हा दृष्टिकोन जवळजवळ नियमासारखा टिकून राहिला. पुरुषांनी बाहेर केलेल्या जेवणाकडे आणि पिण्याकडे आपल्या साहित्याने पाहिले ते घराच्या खिडकीतून.

त्याचे सर्वांत प्रभावी उदाहरण अर्थातच गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’. १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आलेले हे नाटक दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून इतके वाचले आणि पाहिले गेले आहे की त्यातील एक साधी गोष्ट सुटून जाते. सुधाकराला पहिला पेला देणारा तळीराम हा त्याचा कारकून आहे. वकील आणि त्याचा कारकून, म्हणजे एकाच कामावरची दोन माणसे. सनद रद्द झाल्याचा अपमान सुधाकराला घरात सांगता येत नाही, सिंधूपुढे तर नाहीच. तो दुखवटा ज्याला आपोआप समजतो असा माणूस कामावरचाच असतो. मालक आणि नोकर यांच्यातील उतरंड पेल्यापुरती विरघळते, आणि ती विरघळणे हेच पेल्याइतके नशिले असते. परमिट रूममध्ये साहेब आणि हाताखालचा माणूस समोरासमोर बसतात तेव्हाही हीच गोष्ट घडते. दुसऱ्या दिवशी कचेरीत दोघांनाही आदल्या रात्रीची भाषा विसरावी लागते.

याहून सूचक आहे ते ‘आर्य मदिरा मंडळ’. हे प्रवेश विनोदी म्हणून पाहिले जातात, आणि ते विनोदी आहेतच. विसाव्या शतकाच्या प्रारंभी निघालेल्या असंख्य मंडळांचे, त्यांच्या सभांचे, ठरावांचे ते विडंबन आहे. परंतु या मंडळात कोण बसले आहेत ते पाहा. तेथे शास्त्री आहेत आणि खुदाबक्षही आहे. मवाळ आहे, जहाल आहे, सुधारकही आहे. मराठी नाटकात इतक्या विविध लोकांना एका बैठकीत, एकाच पेयावर, कोणत्याही प्रायश्चित्ताविना बसविण्याचे काम मद्यप्यांच्या मंडळाने केले. परमहंस सभेला जे चोरून करावे लागले, पंचहौदच्या मंडळींना ज्यासाठी चौकशीला सामोरे जावे लागले, ते तळीरामाच्या मंडळात सहज घडते. गडकऱ्यांना हे दिसले नसेल असे नाही. पण दिसलेले हसण्यावारी नेण्याखेरीज त्यांच्या काळाला दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता. नाटकाची नैतिक संरचना सिंधूच्या जात्यापाशी, म्हणजे घरात, स्थिर केलेली आहे. मंडळाला तेथून पाहिले की त्याचा एकच अर्थ उरतो, आणि तो विनाशाचा.

(जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ज्या टिळकांना मिशनच्या चहापायी प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले त्यांनीच १९०८ मध्ये पुण्यातील दारूच्या दुकानांवरील निरोधनाला पाठबळ दिले. आपल्या सार्वजनिक जीवनात पेल्याचे राजकारण पेल्यातील द्रव्यावर कधीच अवलंबून नव्हते.)

आता मुंबईकडे वळावयास हवे, कारण हजेरीपटावरचे नाते खऱ्या अर्थाने जन्माला आले ते गिरण्या, गोद्या, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांच्या या शहरात. येथेही आरंभी जेवण घराच्या आणि जातीच्याच ताब्यात राहिले, त्याचे दोन मार्ग होते. पहिला डब्याचा. मुंबईतील डबेवाल्यांच्या व्यवस्थेचा आरंभ महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये केला असे सांगितले जाते, म्हणजे पंचहौदच्याच वर्षी. डबा ही विलक्षण युक्ती होती. माणूस सहा कोस दूर, परजातीच्या शेजारी, साहेबाच्या कचेरीत बसलेला. पण त्याचे अन्न घरच्या चुलीवरचे. डबा उघडून एकत्र बसणाऱ्या कारकुनांत भाजीची देवाणघेवाण होई की नाही, आणि झाली तर कोणाकोणात, हा एका पिढीच्या सामाजिक इतिहासाचा विषय आहे. दुसरा मार्ग खानावळीचा. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणीकामगार कुटुंब गावी ठेवून एकेका खोलीत दाटीने राहत आणि महिन्याच्या हिशेबाने खानावळीत जेवत. खानावळवाली बहुधा त्यांच्याच मुलखातली असे. गाव, मुलूख आणि जात यांची पंगत गिरणगावात जशीच्या तशी उतरविली गेली होती. या खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांचे श्रम साहित्यात पार्श्वभूमीवर राहिले. त्यांना संघटित करणारे अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केले तेव्हा कर्ज, व्याज आणि सावकार या भाषेत त्यांचे जीवन प्रथम मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक झाले.

ही पंगत मोडली ती इराण्याने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणमधून आलेल्या झरतुष्ट्री आणि मुसलमान हॉटेलवाल्यांनी कोपऱ्याकोपऱ्यांवर संगमरवरी टेबले मांडली. ते येथील जातिव्यवस्थेच्या बाहेरचे होते. त्यांच्या हातचे खाणे शुद्ध की अशुद्ध याचे शास्त्र तयार नव्हते, आणि ते तयार होण्यापूर्वीच गिऱ्हाइकांना चहाची चटक लागली. शिवाय टेबल ही वस्तू पंगतीहून मुळात वेगळी आहे. पंगतीत माणसे एका दिशेला तोंड करून, वाढप्याकडे पाहत बसतात. टेबलाशी ती एकमेकांकडे पाहतात. पंगतीत पान संपले की उठावे लागते, टेबलाशी मागवीत राहेपर्यंत बसता येते. ज्या पावासाठी परमहंस सभेला गुप्ततेची शपथ लागत होती तो पाव मस्का लावून, चहात बुडवून, उघड्या दारापाशी बसून खाल्ला जाऊ लागला. कोणी यादी छापली नाही. इराण्याच्या सूचनाफलकांनी मात्र नियमांची जागा घेतली. केस विंचरू नका, फार वेळ बसू नका अशा त्या सूचनांची निसीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताच केली. जातीचा नियम जाऊन तेथे मालकाचा नियम आला, आणि तो सर्वांना सारखा होता.

राज्यघटनेने या टेबलाला शब्द दिला. पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून तेथे कोणालाही मज्जाव करता येत नाही. एवढ्या उदात्त दस्तऐवजात हॉटेलसारखा बाजारी शब्द यावा लागला याचे कारण महाराष्ट्रातील कोणत्याही दलित वाचकाला सांगावे लागणार नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) मध्ये गावच्या हॉटेलातील वेगळ्या कपबशीविरुद्ध पोलिसांत तक्रार करावयास जाणारी मुले आहेत. घटनेचा अनुच्छेद एका फुटक्या कपापर्यंत पोहोचण्यास किती दशके लागतात याचा तो हिशेब आहे. याच घटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने राज्यांना मद्यबंदीचे ध्येय दिले. एका अनुच्छेदाने टेबल खुले केले, दुसऱ्याने त्यावरचा पेला उचलला. मुंबई राज्याने दुसऱ्याच्या बाबतीत घाई केली. १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात केलेला पहिला प्रयोग मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानंतर सैल पडला होता. १९४९ चा दारूबंदी कायदा आणि १९५० च्या एप्रिलमधील संपूर्ण बंदी यांनी तो पुन्हा आणि कठोरपणे अमलात आणला. मोरारजी देसाई यांचे नाव या पर्वाशी कायमचे जोडले गेले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात औषधी व प्रसाधनी द्रव्यांविषयीची काही कलमे रद्द केली, परंतु कायदा मोठ्या भागात उचलून धरला.

या कायद्यातूनच आपल्या विषयाचे स्थळ निर्माण झाले. बंदी असलेली गोष्ट काहींना करू द्यावयाची तर त्यांना परवाना हवा, आणि परवानाधारकांनी ती जेथे करावयाची ती खोलीही परवान्याची हवी. परवान्याचे कारण आरोग्यरक्षण. मुंबई विदेशी मद्य नियम, १९५३ अन्वये हॉटेलांना मिळणाऱ्या अनुज्ञप्तीतून ‘परमिट रूम’ हा शब्द रूढ झाला, आणि ‘विदेशी मद्य’ या शब्दात राज्यातच गाळलेली व्हिस्कीही समाविष्ट झाली. १९६३ च्या अखेरीस मुख्यमंत्री झालेल्या वसंतराव नाईक यांच्या काळात परवान्यांचे नियम शिथिल झाले. ‘आंटी’च्या चोरट्या गुत्त्यांकडे जाणारे कारकून हळूहळू पाटी लावलेल्या दारातून आत जाऊ लागले. कायदा मात्र रद्द झाला नाही. त्याच्या शीर्षकातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, पण दारूबंदी हा शब्द आजही त्याच्या नावात आहे. म्हणजे महाराष्ट्रातील प्रत्येक परमिट रूम ही दारूबंदी कायद्याची निर्मिती आहे. ज्या घराच्या नावाने बंदी आली त्या घरापासून पिणे तोडून त्याला एक स्वतंत्र खोली देण्याचे काम बंदीनेच केले. काळ्या काचा, मंद दिवे, बाहेरून आत काही न दिसणे हे वातावरण आता आपणांस बारचे अंगभूत लक्षण वाटते. त्यामागे परवान्याचा संकोच आहे.

या खोल्या चालविणारे मुंबईत मोठ्या संख्येने तुळुभाषक शेट्टी. त्यांच्या खाद्यसूचीत शेंगदाणे, चणा कोळीवाडा, चिकन चिली, तंदुरी रोटी आणि सोलकढी सुखाने नांदतात. हे कोणाच्याच घरचे जेवण नाही, आणि त्यातच त्याचे सामर्थ्य आहे. डब्यातील भाजीवरून माणूस ओळखता येतो, चिकन चिलीवरून येत नाही.

येथे बाबूराव बागुल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेकडे यावयास हवे. ज्या संग्रहाला तिचे शीर्षक मिळाले तो १९६३ चा. दलित साहित्याच्या इतिहासात तिचे स्थान निर्विवाद आहे आणि तिच्यातील विद्रोहाची चर्चा भरपूर झाली आहे. परंतु ती सहकाऱ्यांची कथा आहे याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. निवेदक रेल्वेत नोकरीसाठी उधन्याला जातो. जात विचारली जाते तेव्हा तो आपण मुंबईचे असल्याचे सांगून प्रश्न परतवितो. या उत्तरावर थांबावे असे मला वाटते. ‘मुंबईचा’ ही जातीच्या जागी ठेवता येईल अशी ओळख त्याला कोठून मिळाली? गिरण्या, युनियन, कविता यांबरोबरच ती इराण्याच्या टेबलानेही दिली असली पाहिजे. त्या टेबलाशी कोणी काही विचारीत नव्हते. पण उधन्यात टेबल नाही, तेथे घरे आहेत. सहकारी रामचरण तिवारी त्याला आपल्या घरी नेतो, जेवू घालतो, प्रेम करतो. हे प्रेम खोटे नाही. कथेची वेदना त्याच्या खरेपणात आहे. ऑफिसातल्या माणसाला आमच्यातला करण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न आहे, आणि तो केवळ घरातच करता येतो. म्हणूनच जात उघड होताच त्याचे रूपांतर मारहाणीत होते. निवेदकाला सोडविणारा काशिनाथ मात्र आपली जात न लपविणारा सहकारी आहे. परमहंस सभेची यादी, ‘पुणे वैभव’ची यादी आणि उधन्यात फुटलेले हे एक नाव या तिन्ही ठिकाणी जेवण झाल्यानंतर नाव कळते. फरक एवढाच की पहिल्या दोन याद्यांतील माणसांना प्रायश्चित्ताची सोय होती.

बागुलांच्या कथेमुळे हॉटेलच्या टेबलाविषयीचा भाबडेपणाही टाळता येतो. टेबल जात विचारीत नाही हे खरे. पण न विचारणे म्हणजे स्वीकारणे नव्हे. परमिट रूममधील समता तासांच्या हिशेबाने भाड्याने घेतलेली असते. माझ्या परिचयाचे एक प्राध्यापक वर्षानुवर्षे आमच्या बरोबर बाहेर जेवावयास येत, मनमुराद बोलत. पण कोणाच्या घरी जेवावयास येत नसत आणि कोणाला घरी बोलावीतही नसत. ‘हॉटेलातच बरं असतं’ एवढेच म्हणत. मी याला त्यांचा विक्षिप्तपणा समजत होते. बागुलांची कथा मी तोपर्यंत दोनदा तरी वर्गात शिकविली होती, हे येथे कबूल केलेले बरे.

बिलाच्या बाबतीतही त्यांचा एक नियम होता. आपला हिस्सा ते सर्वांआधी, मोजून, टेबलावर ठेवीत. ‘टीटीएमएम’ अर्थात ‘तुझे तू, माझे मी’ हा विद्यार्थ्यांच्या बोलीतला शब्द आम्ही थट्टेने वापरीत असू. यजमानाविना जेवण ही कल्पना मराठी संस्कृतीला नवी आहे. पंगतीत यजमान असतो आणि जेवणारा उपकृत होऊन उठतो. वर्गणीच्या जेवणात कोणी कोणाचे मिंधे नसते. ज्यांच्या पूर्वजांना जेवण मिळाले ते उरलेसुरले, पंगत उठल्यावर आणि अंगणाबाहेर, त्यांना स्वतःचा हिस्सा स्वतः मोजण्याचे महत्त्व वेगळ्या रीतीने कळत असणार.

साहित्यात हे टेबल तुरळक येते. नेमाड्यांच्या ‘कोसला’त (१९६३) वसतिगृहाची मेस आणि तिच्या कारभारात पोळलेला सांगवीकर आहे, तेथे वर्गणीच्या जेवणाचा हिशेब प्रथमच कादंबरीचा विषय झाला, पण ते सहाध्यायी आहेत. भाऊ पाध्ये यांनी ‘डोंबाऱ्याचा खेळ’मध्ये (१९६०) युनियनचे जग आणले. अरुण कोलटकर जाहिरातीच्या व्यवसायात होते, आणि काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमधील त्यांची गुरुवारची बैठक प्रसिद्ध आहे. मात्र त्या टेबलावरून दिसणारा रस्ता त्यांनी ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये (२००४) इंग्रजीत लिहिला, टेबल स्वतः चौकटीबाहेर राहिले. या विरळपणाची कारणमीमांसा पूर्वी सांगितलेल्या खिडकीत सापडते. घरातून पाहिले की त्या टेबलाशी बसलेला माणूस एक तर बिघडलेला असतो किंवा बिघडण्याच्या मार्गावर. त्याचे बोलणे ऐकू येत नाही, फक्त परतण्याची वेळ कळते.

आणि खिडकीतून पाहणारी स्त्रीच उठून त्या टेबलाशी जाऊन बसली तर? नोकरी करणारी स्त्री मराठी कथेत येऊन पाऊणशे वर्षे झाली, परंतु सहकाऱ्यांबरोबर बाहेर जेवणारी स्त्री तेथे अद्याप पुरती आलेली नाही. परमिट रूमने तिच्यासाठी केलेली व्यवस्था मात्र अभ्यासनीय आहे. काही वर्षांपूर्वी उत्तरपत्रिका-तपासणीचा अखेरचा गठ्ठा संपवून आम्ही सहा जण अशाच एका ठिकाणी गेलो. पाच पुरुष आणि मी. खाली जागा होती. पण वेटरने मला पाहिले आणि आम्हां सर्वांना जिन्याकडे वळविले. वर पाटी होती : ‘फॅमिली रूम’. पाच पुरुष एकत्र बसले असते तर ते सहकारी राहिले असते. एक स्त्री आल्याबरोबर त्या चिन्हव्यवस्थेत आम्ही कुटुंब झालो. त्या सहांमध्ये चार जाती होत्या, दोन धर्म होते, ज्येष्ठतेच्या यादीवरून चाललेला एक कोर्टातला दावाही होता. वेटरच्या लेखी आम्ही कोणाचे तरी दीर, भाऊ, भावजय होतो. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदातील ‘लिंग’ या शब्दाला जिना चढावा लागतो तो असा. आत कोणी मज्जाव केला नव्हता. फक्त नाते बदलून घ्यावे लागले.

वरच्या मजल्यावर पंखा मोठ्याने वाजत होता. शेजारच्या टेबलावर खरेच एक कुटुंब होते. लहान मुलगा सूपमध्ये नूडल्स मोजत होता, आणि आमच्याकडे पाठ करून बसलेल्या आजीबाई मधूनच वळून मला पाहत होत्या. मी ताज्या लिंबाचे सरबत मागविले होते, तरीही. बोलणे नेहमीचेच झाले : नवा अभ्यासक्रम, रखडलेली पदोन्नती, कोणत्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘एकच प्याला’वरच्या प्रश्नाला मार्गदर्शकातले एकच उत्तर लिहिले आहे. हिस्से झाले. सर्वांआधी पैसे ठेवणारे आमचे प्राध्यापक त्या दिवशी नव्हते. आदल्या वर्षी निवृत्त होऊन ते गावी गेले होते. परवाना कोणाकडेही नव्हता आणि कोणी मागितलाही नाही. घरी पोहोचण्यास साडेदहा झाले. उशीर का झाला असे विचारल्यावर मी उत्तरपत्रिका संपत नव्हत्या असे सांगितले.